ठाण्याला न पाठवलेली माणसं

कल्याण, भिवंडी, मुंबई या पट्ट्यात कोणी जरा तऱ्हेवाईक वागला की "याला ठाण्याला पाठवा रे" असं म्हणायची जुनी रीत आहे. पुणेकर तेच येरवड्याच्या नावानं म्हणतात. ठाणं म्हणजे इथं 1901 साली सुरू झालेलं मनोरुग्णालय. दापोड्याच्या माणसाच्या तोंडी ही थट्टा मला नेहमी गमतीची वाटते, कारण त्याला स्वतःलाच उठून ठाण्याला जायचं असतं: कोर्टाच्या तारखेला, पोरीच्या ॲडमिशनला, लग्नाचा बस्ता बांधायला. काल्हेर, कशेळी मागं टाकली, खाडीवरचा पूल ओलांडला की आलंच ठाणं. दवाखाना इतक्या हाकेवर असूनही या गावांनी आपली सगळी चक्रम माणसं तिथं नेऊन घातली नाहीत. काहींना नेलं नाही ते बरंच झालं. काहींना न्यायला हवं होतं, तरी नेलं नाही. पुढच्या पानांत या दोन्ही प्रकारची माणसं आहेत, आणि कोण कुठल्या प्रकारातला हे टिपणं लिहिणाऱ्यांनाही प्रत्येक वेळी ठरवता आलेलं नाही.

लिहिणाऱ्यांत शाळामास्तर आहेत, गोदामावरचे सुपरवायझर आहेत, सकाळच्या योगवर्गाला येणाऱ्या बायका आहेत. लेखक म्हणून मिरवणारं कोणी नाही. खरं तर या सगळ्याची सुरुवात त्या योगवर्गातच झाली. शवासन आटोपलं की लोकांना बोलायला सुचतं. चटया गुंडाळता गुंडाळता कोणीतरी आपल्या लहानपणच्या गावातल्या एका वेड्याची आठवण काढली, मग दुसऱ्यानं आपल्या गावातल्या, आणि लक्षात आलं की असा माणूस नसलेलं गाव कोणाच्याच आठवणीत नाही.

दापोडे हे भिवंडी तालुक्यातलं, माणकोली-अंजूरफाटा रस्त्यालगतचं गाव. मूळचं आगरी वस्तीचं, भातशेतीचं. आज वरून पाहिलं तर पत्र्यांची छपरंच दिसतात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी माल वेशीबाहेर ठेवायला सुरुवात केली आणि इथल्या भातखाचरांत एकामागून एक गाळे उभे राहिले. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं काही गेली नाहीत. ऑनलाइन खरेदीनं ती आणखी वाढली. मुंबईत कोणी रात्री अकराला मोबाइलवरून मिक्सर मागवतो तो बऱ्याचदा याच पट्ट्यातून निघतो. आमच्या योगवर्गातल्या चटयाही बहुधा इथूनच गाडीत चढून, मुंबईला जाऊन, परत इथं आल्या असाव्यात.

या बदलाचं रडगाणं मला गायचं नाही. शेतीत काय राबणूक होती आणि हाती काय लागत होतं हे ज्यांनी पाहिलंय ते भाताच्या लोंब्यांवर कविता करत नाहीत. जमिनीचे पैसे कोणाकडे आले, कोणाकडे येऊन गेले. पण घराची पडवी गेली, ओटा गेला आणि कंपाउंडची भिंत आली, तेव्हा गावातल्या वेड्याची जागा गेली. ही जागा शब्दशः घ्यायची. तो पडवीत झोपायचा. आज या घरी, उद्या त्या घरी जेवायचा. त्याचं मूळ घर कोणतं, आई कोणाची, डोकं कधी फिरलं, कशानं फिरलं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. "जेवला का रं?" हा प्रश्न त्याला दिवसातून चार ठिकाणी विचारला जायचा आणि तो चारही ठिकाणी नाही म्हणायचा. याला दया, करुणा असं नाव कोणी दिलं नव्हतं.

सगळं गोड होतं असंही नाही. पोरं त्याला खडे मारायची. आगऱ्यांच्या लग्नात हळदीची रात्र मोठी. बँजो वाजायला लागला की सगळ्यांत पुढं त्याला नाचवायचे, त्याच्या शर्टाला दहाची नोट टाचायचे, मग कोणीतरी मजा म्हणून त्याला नको तेवढी पाजायचं आणि पहाटे तो गटारात सापडायचा. त्याला तिथून उचलून न्हाऊमाखू घालणारीही त्याच घरातली असायची. टिपणांत हे दोन्ही आलंय, आणि लिहिणाऱ्यांनी ते लपवलं नाही म्हणून मला ही टिपणं खरी वाटतात.

गोदामांच्या काळातला एक नमुना इथं जरा जवळून पाहू. त्याचं नाव कोणाला माहीत नाही. हमाल त्याला मुकादम म्हणतात. दापोड्यातल्या एका कंपाउंडच्या फाटकाशी तो बसतो. हातात दोनशे पानी वही, कानाला बॉलपेन. आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर तो लिहून घेतो. एमएच 04, जीजे 05, आरजे 14, सगळं ओळीनं, तारीख न घालता. वही भरली की जुन्या दोन नंबरांच्या मधल्या जागेत नवा नंबर. ड्रायव्हरनं काच खाली करून नंबर स्वतःच्या तोंडानं सांगायचा असा त्याचा नियम आहे. पाटीवर दिसतोय एवढं त्याला पुरत नाही. उत्तरेकडचे ड्रायव्हर "लिखो मुकादमजी" म्हणून सांगतात आणि पुढं जातात. त्या वहीचा आजवर कोणाला काडीचाही उपयोग झालेला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत शेवटी एखादा चोरीचा ट्रक त्याच वहीवरून सापडतो आणि मग सगळ्यांना त्या वेड्याची किंमत कळते. इथं तसं काही झालेलं नाही.

चहावाला त्याला दिवसाला दोन कटिंग देतो. पैसे कोणाच्या खात्यावर? आज एका गाळ्याच्या, उद्या शेजारच्या. यासाठी बैठक झाली नाही. चहावाल्यानं परस्पर लिहायला सुरुवात केली आणि महिनाअखेरीला हिशेब पाहताना कोणी तोंड वाकडं केलं नाही. पावसाळ्यात तो माल चढवायच्या धक्क्याखाली पुठ्ठे पसरून झोपतो. पुठ्ठे भिजले की हमाल नवे टाकतात, कारण पुठ्ठ्यांना या गावात तोटा नाही. जेवण हमालांच्या खोलीवर. अंगावरचे कपडे बदलायला लावणं हे सगळ्यांत अवघड काम, आणि ते एका म्हाताऱ्या हमालालाच जमतं. कसं, ते तो सांगत नाही.

अडचण आली ती वॉचमन पुरवणारी एजन्सी बदलली तेव्हा. नव्या पोराला कागदावर लिहून मिळालं होतं: अनोळखी माणसाला फाटकाशी थांबू द्यायचं नाही. त्यानं मुकादमाला हाकललं, वही रस्त्यावर भिरकावली. त्याला दोष तरी काय द्यायचा? त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. जुन्या गावात नवी सून आली की सासू तिला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायची, दारात अमका येईल, काहीबाही बोलेल, घाबरू नको, भाकरी दे. गोदामात ड्यूटी सोपवताना किल्ल्या सोपवतात, रजिस्टर सोपवतात, सीसीटीव्हीचा पासवर्ड सोपवतात. माणूस सोपवायची पद्धत नाही. शेवटी हमालांनीच मुकादमाला हुडकून आणलं आणि त्या पोराला समोर बसवून सगळं सांगितलं. आता तो पोरगा कधी सोडून जाईल आणि पुढच्याला कोण सांगेल, याचा नेम नाही.

मला या विषयात म्हणायचंय ते एवढंच आहे. तऱ्हेवाईक माणसाला सांभाळणं हे मनाच्या मोठेपणावर कमी आणि लावून दिलेल्या व्यवस्थेवर जास्त चालतं. पूर्वीची माणसं आपल्याहून प्रेमळ होती यावर माझा विश्वास नाही. त्यांच्याकडे पडवी होती, आणि सुनेला सांगून ठेवणारी सासू होती.

मराठी माणसाला वेड्यांविषयी मायेनं बोलायला लावलं की तो फार पटकन संतांकडे वळतो. मीही वळतो, कारण या तालुक्यात ते टाळता येत नाही. वज्रेश्वरीजवळ तानसा नदीच्या काठी गणेशपुरी आहे. तीही भिवंडी तालुक्यातच. 1930 च्या दशकात तिथं एक लंगोटीधारी माणूस येऊन राहिला. गरम पाण्याची कुंडं, भीमेश्वराचं देऊळ, भोवती रान आणि आदिवासी पाडे. माणूस मूळचा केरळकडचा, दक्षिण कानड्याच्या किनाऱ्यावर बरीच वर्षं भटकलेला. कान्हनगडला त्यानं खडकात गुहा करवून घेतल्या होत्या. बोलायचा थोडं आणि तुटक. मनात आलं तर भेटायला आलेल्याला हाकलून लावायचा. आधीच्या भटकंतीत लोकांनी त्याला वेडा ठरवून छळल्याच्या कथा भक्तांच्याच आठवणींत येतात. हे भगवान नित्यानंद. 8 ऑगस्ट 1961 ला त्यांनी देह ठेवला तोवर गणेशपुरीचं तीर्थ झालं होतं. 1956 पासून शेजारीच स्वामी मुक्तानंदांचा आश्रम उभा राहिला होता, आणि तिथून सिद्धयोगाचं नाव पुढं थेट अमेरिकेपर्यंत गेलं.

मला कुतूहल आहे ते तीर्थ होण्याआधीच्या दिवसांचं. अंगावर लंगोटी, तोंडात तुटक शब्द, गाव कोणतं ते ठाऊक नाही, अशा माणसाला ज्यांनी पहिल्यांदा राहू दिलं आणि खायला दिलं, त्यांच्यापुढं भगवान नव्हता. एक विचित्र माणूस होता. पुढं जे काही झालं त्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपलं काम उरकलं होतं. शेगावचंही तेच. 23 फेब्रुवारी 1878 ला रस्त्यावर टाकलेल्या पत्रावळीतली शितं वेचून खाणारा तरुण बंकटलालला दिसला, अशी गजानन महाराजांची कथा सुरू होते. त्या दिवशी शेगावात आणखी किती जणांनी त्याला पाहिलं असेल आणि नाक मुरडून पुढं गेले असतील, याची नोंद पोथी ठेवत नाही.

या सगळ्यांत मला ऋद्धिपूर जास्त जवळचं वाटतं. अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं, आता मराठी भाषा विद्यापीठामुळे चर्चेत आलेलं गाव. तिथं तेराव्या शतकात गुंडम राऊळ म्हणजे गोविंदप्रभू राहत. ते चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून त्यांचं चरित्र रचलं, आणि मराठीतल्या अगदी पहिल्या गद्यग्रंथांपैकी हा एक ग्रंथ चक्क एका वेड्यासारख्या वागणाऱ्या माणसाविषयी आहे. राऊळ कोणाच्याही घरात शिरतात, चुलीवरचं उचलून खातात, पोरांत खेळतात, मूर्तींशी बोलतात, मध्येच संतापून तोंडाला येईल ते बोलतात. महारा-मांगांच्या वस्तीतून उठून सरळ ब्राह्मणाच्या घरात जातात, आणि विटाळाचं सोवळंओवळं गावानं आपापल्या परीनं निस्तरायचं असतं. म्हाइंभट हे काहीच झाकत नाहीत. त्या वेडाला गूढ अर्थाचा मुलामा देऊन ते गुळगुळीतही करत नाहीत. गावातले लोक राऊळांना वेडेही म्हणतात आणि देवही म्हणतात, आणि बहुतेकांना या दोन्ही गोष्टी एका दमात म्हणायला काही अडचण वाटत नाही. अडलेल्या बाया-माणसांना ते आई-बापाच्या ठिकाणी वाटतात. चक्रधर गेल्यावर त्यांची शिष्यमंडळी याच माणसाच्या सेवेला ऋद्धिपुरी येऊन राहिली. विद्वान माणसं होती ती. त्या विद्वानांनी एका लहरी म्हाताऱ्याच्या मागं मागं दिवसभर हिंडणं हे त्या ग्रंथातलं मला सगळ्यांत लोभस वाटणारं चित्र आहे.

पण संतांच्या या वाटेत एक खोट आहे, ती सांगायला हवी. देव असण्याची शक्यता गृहीत धरून दिलेली भाकरी ही शेवटी उधारी असते. कधीतरी ती फेडून मागितली जाते. मटक्याच्या भराच्या काळात, साठ-सत्तरच्या दशकांत, मुंबईच्या फुटपाथवरच्या वेड्याच्या बडबडीतून आकडा काढणारे महाभाग होते. आकडा लागेपर्यंत त्याला चहा-पाव, नाही लागला की लाथ. भक्ती आणि सट्टा एका पंगतीला बसवू नयेत हे मान्य. पण ज्याच्याकडून चमत्कारही होणार नाही आणि आकडाही लागणार नाही, अशा साध्या वेड्याचं काय, हा प्रश्न दोन्हीकडे उरतोच. गोदामाच्या फाटकावरचा मुकादम यात बसत नाही. तो कोणाचा गुरू होणार नाही.

पु. ल. देशपांड्यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'लाही मी इथं थोडा टोकणार आहे, प्रेमानंच. 1962 साली आलेल्या त्या पुस्तकानं मराठी घराघरांत वल्लींना पाट मांडून दिला. अंतू बर्वा, नारायण, चितळे मास्तर आपल्या घरातलेच झाले. पण नीट पाहिलं तर या सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, बोलायला लोक आहेत, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला मजा यावी. नामू परटासारखा नगही गावाच्या उठबशीतलाच. ज्याच्या बोलण्यात विनोद नाही, नुसती गाड्यांच्या नंबरांची यादी आहे, तो पुलंच्या पुस्तकातही शिरला नसता. आपल्याला वल्ली आवडतो तो रंजक असतो म्हणून. कंटाळवाणा वल्ली सोसणं ही खरी कसोटी, आणि पुढच्या टिपणांतले निम्मे वल्ली कंटाळवाणेच आहेत. वाचकांनी धीर धरावा.

योगाचा संबंध इथं येतो. 2015 पासून दर 21 जूनला सगळा देश चटईवर उतरतो, त्यामुळं योग म्हणजे आसनं ही समजूत पक्की झालीय. तिच्याशी माझं भांडण नाही, गुडघे दुखायचे थांबले तर कोणाला नकोय? पण पतंजलींच्या पहिल्या पादातलं तेहेतिसावं सूत्र आमच्या वर्गात वाचलं गेलं तेव्हा चर्चा भलतीकडेच गेली. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद, आणि वाईट वागणाऱ्याच्या बाबतीत तटस्थता, अशा चार वृत्ती त्यात सांगितल्यात. समोरच्याला सुधारायचा कार्यक्रम त्यात कुठंच नाही. हे करायचं ते बघणाऱ्याचं स्वतःचं चित्त निवळावं म्हणून.

वर्गातल्या एका बाईंनी विचारलं, मग मुकादमाला चारांतल्या कुठल्या खणात घालायचं? सगळे म्हणाले, करुणेच्या. बाई म्हणाल्या, पण तो दुःखी कुठाय? गाडी आली की त्याचा चेहरा बघा. माझ्या मते त्या सूत्रावर आमच्या वर्गात झालेलं हे सगळ्यांत नेमकं भाष्य. विचित्र माणूस दिसला की आपण न विचारताच त्याला दुःखी ठरवतो, कारण करुणा करणारा नेहमी एक पायरी वर उभा असतो. तो सुखी असेल तर मग मैत्री करावी लागते, आणि ती बरोबरीनं बसून करावी लागते. त्याच्याबरोबर दहा मिनिटं फाटकाशी बसून गाड्यांचे नंबर बघत राहायचं, हे भाकरी देण्यापेक्षा कितीतरी जड जातं. आणि एखाद्या दिवशी त्यानं दोरीवरचा कोणाचा शर्ट उचलला, तर तेव्हा चौथी वृत्ती: डोळेझाक करायची, शर्ट परत आणायचा, पंचायत बसवायची नाही.

योगाच्या इतिहासात याहून अजब एक प्रकरण आहे. जोगेश्वरी आणि घारापुरीच्या लेण्यांचा संबंध अभ्यासक पाशुपत शैवांशी जोडतात; साधारण सहाव्या शतकातली ही लेणी. या पाशुपतांच्या सूत्रांत साधकाला एका टप्प्यावर मुद्दाम वेड्यासारखं वागायला सांगितलंय. जागेपणी घोरायचं, अंग थरथरवायचं, लंगडायचं, निरर्थक बडबडायचं. लोकांनी हिडीसफिडीस करावी म्हणून. हिशेब असा, की जो अपमान करतो त्याचं पुण्य साधकाकडे येतं आणि साधकाचं पाप त्याच्याकडे जातं. म्हणजे वेड्याला दगड मारणाऱ्याच्या खात्यातून परस्पर रक्कम वळती होते, आणि समोरचा खरा वेडा की सोंग घेतलेला योगी, हे कळायला तर काहीच मार्ग नाही. व्यापारी भिवंडीला हा युक्तिवाद पतंजलींपेक्षा लवकर पटेल असं मला वाटतं.

इतकं सांगून झाल्यावर उलट बाजू मांडली नाही तर ही प्रस्तावना अर्धवट राहील. "तो असाच आहे" हे वाक्य मायेचं असतं तसं आळसाचंही असतं. विक्षिप्तपणा ही माणसाची तऱ्हा, पण स्किझोफ्रेनिया हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. गावानं भाकरी दिली, पडवी दिली, पण डॉक्टर दिला नाही, म्हणून आयुष्यभर कानातल्या आवाजांशी भांडत राहिलेली माणसं या टिपणांत आहेत. काहींना डॉक्टरऐवजी भगत मिळाला, अंगारा मिळाला, मारही मिळाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरला, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेली पंचवीसहून अधिक माणसं जागची हलू न शकल्यानं जळून मेली. त्यांनाही कोणीतरी श्रद्धेनंच तिथं आणून ठेवलं होतं.

डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं काम इथं आठवतं. रस्त्यावर नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. उपचारांनंतर कळलं की तो पदवीधर आहे. 1988 मध्ये त्यांनी श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं, पुढं कर्जतला केंद्र उभारलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला आणायचं, औषधोपचार करायचे, आठवण परतली की घर शोधून पोचवायचं, असं ते काम. 2018 साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तोवर सात हजारांहून अधिक माणसं उपचार घेऊन घरी पोचली होती. त्यांतल्या कित्येकांना घरचे मेलेले समजून बसले होते. महामार्गालगतच्या गावांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. कुठल्यातरी ट्रकमध्ये चढलेला, भाषा न कळणारा माणूस कुठल्यातरी नाक्यावर उतरतो आणि तिथलाच होऊन जातो. दापोड्यासारख्या ठिकाणी, जिथं एका फाटकाशी पाच राज्यांची माणसं राबतात, तिथं त्याची भाषा समजणारा कोणीतरी सापडण्याची शक्यता मात्र इतर गावांपेक्षा जास्त. हमालांच्या खोलीत त्याला नुसतं बोलतं केलं तरी अर्धा पत्ता लागतो.

कायदाही आता बराच सुधारलाय. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला. शंभराव्या कलमानुसार, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा असा माणूस भटकताना आढळला तर त्याला संरक्षणात घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत डांबता येत नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यावं लागतं. सल्ल्यासाठी टेली-मानसचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे. हे वॉचमनच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

बेल्जियममध्ये गेल नावाचं गाव आहे. मध्ययुगात संत डिम्फनाच्या यात्रेला मनोरुग्णांना घेऊन लोक यायचे, चर्चमध्ये जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी त्यांना घरात ठेवून घ्यायला सुरुवात केली, आणि ती पद्धत आजतागायत टिकली. 1930 च्या दशकाच्या अखेरीला साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे तिथल्या घरांत राहत होते. त्या गावाचं कौतुक करणारे एक गोष्ट हळूच गाळतात: घराला त्याचा भत्ता मिळतो, आणि अडलं-नडलं तर मागं इस्पितळ उभं असतं. करुणेचे पैसे घ्यायची त्या गावाला लाज वाटत नाही. दापोड्यातल्या चहावाल्यालाही कटिंगचे पैसे मिळतात म्हणून ते चालू आहे.

भीतीविषयी थोडं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. 16 एप्रिल 2020 ला, टाळेबंदीत, आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. अफवा मोबाइलवरून पोचली होती, पण ती रुजायला जागा होती, कारण दारात येणाऱ्या अनोळखी, विचित्र वेशाच्या माणसाविषयी कोणी कोणाला काही सांगून ठेवलेलं नव्हतं. जोगी, वासुदेव, पोतराज, बहुरूपी यांची ये-जा होती तोवर वेगळा दिसणारा माणूस ही गावाला सवयीची गोष्ट होती. सवय मोडली आणि उरली फक्त शंका.

शेवटी बायकांविषयी, कारण ही या संग्रहातली मोठी उणीव आहे आणि ती माझ्या नजरेतून सुटलेली नाही. पुरुष तऱ्हेवाईक असला तर त्याला टोपणनाव मिळतं, नाका मिळतो, दोन कटिंग मिळतात. बाई तशी असली तर तिला आतली खोली मिळते. ती फाटकाशी बसू शकत नाही, रात्री धक्क्याखाली झोपू शकत नाही; झोपली तर काय होतं ते डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांना विचारावं, ज्यांनी अहिल्यानगरजवळ माऊली सेवा प्रतिष्ठानात रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्यावर लादलेल्या मातृत्वातून जन्मलेल्या मुलांना घर दिलंय. बाईच्या विक्षिप्तपणाला समाजात मान्य असलेलं एकच दार होतं, अंगात येणं. आठवड्यातून एका वारी, केस मोकळे सोडून, तिला हवं ते बोलता यायचं आणि सासूसुद्धा पायां पडायची. इतर दिवशी तिनं भाकऱ्या थापायच्या.

पुढच्या पानांत बाईवरचं टिपण एकच आहे. ते तिच्या भाचीनं लिहिलंय, आणि ते आधी वाचलं तरी चालेल. घरच्यांनी छापायला परवानगी दिली ती गावाचं नाव घालायचं नाही या अटीवर. पुरुषांवरच्या टिपणांत गावाची नावं सर्रास आलीत. तिथं असली अट कोणीच घातली नव्हती.